ब्रिजितआयची बाटली आणि रविवारचं केळं

माझी सासू दर रविवारी चर्चच्या दारात केळं खायची. दारात म्हणजे अगदी दारात. ऑस्ट्रेलियात वॉलॉंगॉंगला आल्यापासून आमच्या होल्डनच्या मागच्या सीटवर बसून, काच खाली करून, मिस्सा सुरू व्हायला पाच मिनिटं असताना. "आय, आत्ताच तर घरी नाश्ता केलात," मी म्हणायचे. "भूक लागली," म्हणायची, आणि साल माझ्या हातात द्यायची. हॉस्पिटलची नाइट शिफ्ट करून, झोपेचं खोबरं करून, बरा ड्रेस घालून मी तिथे उभी, आणि हातात केळ्याचं साल. लोक 'गुड मॉर्निंग, पॉलीन' म्हणत हात पुढे करायचे आणि मी डावा हात पाठीमागे लपवायचे.

आमच्यात कम्युनियन, म्हणजे वेदीपाशी मिळणारी पवित्र भाकर, घ्यायचं तर आधी तासभर पोटात काही जाता कामा नये. हा नियम लहान पोरांनाही ठाऊक. त्यामुळे सगळी रांग वेदीकडे जायची आणि ब्रिजितआय बाकावर बसून राहायची. फादर केव्हिनने एकदा मुद्दाम विचारलं तर सरळ म्हणाली, "आय ईट बनाना, फादर." वसईला असतानाही म्हणे हेच चालायचं. तिथे तर घरची केळीची वाडी, मग काय विचारता. इथल्या क्वीन्सलँडच्या केळ्यांना मात्र ती नावं ठेवायची, "दिसायला गोरी, चवीला काकडी." नावं ठेवायची आणि खायची. मी तिला खादाड समजत होते. सात वर्षं एका घरात काढली, आणि मला वाटत होतं बाई खादाड आहे!

आता बाटलीचं सांगते, कारण केळ्याचं मूळ त्या बाटलीत आहे.

माझे सासरे ऑगस्टिन, त्यांना आम्ही पपा म्हणायचो, मुंबईत कुलाब्याला हॅलिडे नावाच्या इंग्रजाचे बटलर होते. आय त्याच बंगल्यावर इस्त्री करायची. सत्तेचाळीस साली साहेबाने बोचकं आवरलं आणि गेला विलायतेला. त्याच्याकडची एक जुनी पोर्ट वाइनची बाटली मात्र पपांकडे राहिली. पुढे एकोणीसशे शहात्तरला माझ्या नवऱ्याने, सिप्रियनने, आईबापांना इकडे बोलावलं, तेव्हा पपा ती बाटली लोकरीच्या बनियनमध्ये गुंडाळून, मांडीवर घेऊन विमानात बसले. कस्टमवाल्याने विचारलं हे काय, तर म्हणाले, "माय सर्टिफिकेट."

शोकेसमध्ये येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, तिच्याशेजारी बाटली. देवाला अगरबत्ती मिळायची, बाटलीला फडकं. आणि पाहुणा आला की कथा. स्टीलवर्क्समधला सिप्रियनचा बॉस असो नाहीतर वीजमीटर बघायला आलेला माणूस, कथेतून सुटका कोणाची नाही. पपा उभे राहायचे, हात मागे बांधायचे आणि सुरू व्हायचे:

"साहेबांच्या दारूचे खोके मी स्वतः भरले. पेंढा घालून. झाकणं मी ठोकली. ऑगस्टिनने ठोकलेला खिळा कधी वाकडा जात नाही. आदल्या रात्री साहेब स्वतः कोठीत आले, स्वतः झाकण उचकटलं, ही बाटली काढली, आणि ह्या, ह्या हातात दिली. 'ऑगस्टिन, धिस इज फॉर यू.' मग झाकण परत ठोकलं तेही स्वतःच. आता साहेबाला खिळा ठोकता कुठे येतो! वाकडाच गेला. सकाळी मी तो गुपचूप सरळ केला. कोणाला बोललो नाही. वाईट वाटलं असतं ना."

इथे पाहुण्याने हसायचं, अशी पद्धत होती. दरवर्षी कथेला थोडं बाळसं चढायचं. आमच्या लग्नात साहेबाने नुसती बाटली दिली होती. मग हस्तांदोलन केलं. मग मिठी मारली. ऐंशी सालापर्यंत साहेब हमसाहमशी रडायला लागला होता. खिळा मात्र पहिल्यापासून होता आणि शेवटपर्यंत तस्साच राहिला.

पपांनी हात मागे बांधले की आय उठून किचनमध्ये जायची. भांडी घासायला. भांडी नसली तर घासलेलीच पुन्हा घासायची. नळ असा सोडायची की कथेतलं अक्षर कानावर पडू नये. मला त्यात काही विशेष वाटलं नाही. नवऱ्याच्या त्याच त्या गोष्टींचा कंटाळा येणारी ती काही जगातली पहिली बायको नव्हती. मीही सिप्रियनने क्रिकेटचं सुरू केलं की कपडे वाळत घालायला जाते.

ब्याऐंशीच्या हिवाळ्यात पपा गेले. झोपेतच गेले, कोणाला त्रास नाही. इस्टेट म्हणजे एक पांढरा कोट, चांदीचं म्हणून सांगितलेलं पण चांदीचं नसलेलं एक घड्याळ, आणि ती बाटली.

बाटलीचं खूळ आमच्या डोक्यात घातलं ते डॉक्टर चारुदत्तने. हा आमच्याच हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर, पुण्याचा, मनाने लाख माणूस. पण एकदा हंटर व्हॅलीला वाइनचे मळे बघून आला आणि तेव्हापासून साधं पाणी प्यायलाही ग्लास नाकाशी न्यायचा. पपांच्या वर्षाच्या मिस्सानंतर जेवायला आला होता. आजवर बाटलीला हात लावायची कोणाची टाप नव्हती, त्या दिवशी त्याने चष्मा पुसून लेबल वाचलं.

"सिप्रियन, एकोणीसशे आठची आहे रे ही! तुला माहितीये का हे काय आहे?"

"पपांची बाटली आहे."

"अरे पपांची कसली! सिडनीत लिलावाला लावलीस तर लोक उड्या टाकतील. मी एकाला ओळखतो. सोड, मी बघतो सगळं."

सिप्रियनच्या डोळ्यांसमोर लगेच पपांच्या थडग्यासाठी काळा ग्रॅनाइट आला, सोनेरी अक्षरांसकट. अजून तिथे नुसता लाकडी क्रूस होता आणि ते त्याला फार लागत होतं. माझ्या डोळ्यांसमोर काय आलं ते खरं सांगते. दुसरी बाथरूम आली. घरात तीन माणसं, एक बाथरूम, आणि त्यात आय एकदा शिरली की आम्ही बाहेर जपमाळ ओढत बसायचं. तेव्हा मीही 'विकूया' म्हटलं.

आय म्हणाली, "विकायची नाही."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

एवढंच. आढेवेढे नाहीत, कारण नाही. सिप्रियनने समजावलं, मी आवाज चढवला, काही उपयोग नाही. त्या रविवारी गाडीत तिने दोन केळी खाल्ली. मला वाटलं माझ्यावर सूड म्हणून.

सिप्रियन एरवी गरीब गाय, पण ग्रॅनाइटचा ध्यास घेतलेला. त्याने चारुदत्तला सांगून लिलाववाल्याला एका शनिवारी आर्व्होला, म्हणजे दुपारी, बोलावलंच. मिस्टर ब्लॅकवुड. गोरापान, लांबट, टायला पिन लावलेली. बाटली उजेडात धरून त्याने असा श्वास सोडला की चारुदत्तने माझ्याकडे 'बघ, म्हटलं नव्हतं' असं पाहिलं. मी चहा केला, आयने सकाळी तळलेले फुगे, आमच्याकडचे मैद्याचे गोड गोळे, बशीत दिले. ब्लॅकवुडने ते मिटक्या मारत खाल्ले. मग म्हणाला, वाइन तर उत्तमच, पण अशा बाटलीची गोष्ट वाइनइतकीच मोलाची असते. ही तुमच्याकडे आली कशी?

झालं. सिप्रियन उभा राहिला. हात मागे बांधले. डिट्टो पपा. झाकण, खिळा, मिठी, अश्रू, काही सोडलं नाही. किचनमध्ये नळ सुरू झाला.

ब्लॅकवुड खूश. "मार्व्हलस. मी हे कॅटलॉगमध्ये छापतो. तुमचे ते साहेब वारले, मूलबाळ नव्हतं, ते डॉक्टरांनी नाव कळवल्यावर मी बघून आलोय. पण लंडनला त्यांच्या क्लबात जुनी माणसं असतील. त्यांना पत्र टाकतो. कोणाला हा किस्सा आठवत असला तर सोन्याहून पिवळं."

मी किचनच्या दाराशी जाऊन आयला सांगितलं, की हा पपांची गोष्ट छापणार आहे, विलायतेला पत्र लिहून विचारणार आहे. नळ बंद झाला. ओल्या हातांनी बाहेर आली, ब्लॅकवुडसमोर उभी राहिली, आणि मराठीत म्हणाली,

"ह्याला सांगा, लिहू नको. सायबाने काही दिली नाही. मी चोरली ती."

सिप्रियन मटकन खाली बसला. ब्लॅकवुड फुगा हातात धरून हसऱ्या चेहऱ्याने आमच्याकडे आळीपाळीने बघत होता. त्याला वाटलं असेल म्हातारी आशीर्वाद देतेय. "काय म्हणतायत त्या?" त्याने विचारलं. चारुदत्तने घसा साफ केला. "शी इज व्हेरी इमोशनल, मेट."

"लव्हली," ब्लॅकवुड म्हणाला.

त्याला दारापर्यंत पोचवून, बाटली विकायची नाही असं सांगून, उरलेले फुगे बांधून दिले. चारुदत्त जायला तयार नव्हता. एवढं ऐकून सदाशिव पेठेतला कुठला माणूस घरी जाईल? बसला कोपऱ्यात.

"माझा बाप काय जन्मभर खोटं बोलत होता?" सिप्रियनचा आवाज फाटला होता.

"बाप नाही रे. मी." आय खुर्चीत बसली. "चार दिवस तुझा बाप कोटाला इस्त्री करायला लावून व्हरांड्यात उभा राहत होता. साहेब जाताना काहीतरी देणार. एकोणीस वर्षं केलं होतं त्याचं. साहेबच कधीतरी बोलला होता, ऑगस्टिन, ती आठ सालची एक दिवस आपण दोघं मिळून पिऊ. तुझा बाप येडा, खरं धरून बसला. आणि दिलं काय त्या मेल्याने? चिठ्ठी. 'ऑनेस्ट अँड सोबर.' ती पण दुसऱ्याच्या हातून पाठवली. तुझ्या बापाचं तोंड बघवेना मला. रात्री कोठीत गेले आणि काढली. सकाळी ह्यांना म्हटलं, तुम्ही बाजारात होता तेव्हा साहेबाने माझ्या हातात दिली, ऑगस्टिनसाठी म्हणून."

"पण पपा तर म्हणायचे त्यांच्या हातात दिली!" मी म्हटलं.

"फुशारकी! बाप्या माणसाची जात. मी काय बोलणार? चोराच्या मनात चांदणं. भांडी घासत बसायचे."

आणि मग केळं बाहेर आलं. गावच्या चर्चमध्ये तिने लगेच कन्फेशन केलं होतं. तिथले पाद्री कडक. म्हणाले, चोरलेली वस्तू आधी परत कर, मग पापाची क्षमा. परत करायची म्हणजे नवऱ्याला सांगायला हवं. नवरा तर बाटली घेऊन गावभर मिरवतोय. क्षमा नाही तर कम्युनियन नाही. आणि कम्युनियनला उठली नाही तर अख्खं गाव विचारणार, ब्रिजितने असं काय पाप केलंय? म्हणून दर रविवारी केळं. केळं खाल्लंय म्हटलं की प्रश्न संपला.

"छत्तीस वर्षं?" मी म्हटलं.

"वाडी घरची होती," आय म्हणाली. मग पदराशी चाळा करत हळूच बोलली, "मला मरायच्या आधी एकदा घ्यायचंय गं. हे गेले, आता परत करता येईल, असं धरून चालले होते. बाटली विकली तर काय परत करू? म्हणून म्हटलं विकू नका."

मला माझीच लाज वाटली. खादाड म्हटलं होतं मी तिला, मनात का होईना, दर रविवारी. दुसरी बाथरूम तिथल्या तिथे डोक्यातून काढून टाकली. सिप्रियन उठला. बाटली उचलून शोकेसमध्ये ठेवायला गेला आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

मी तिला धरून फादर केव्हिनकडे नेलं. हा तरुण, नाकावर वांग, पापाला पण 'नो वरीज' म्हणणारा. प्रश्न भाषेचा होता. आयचं इंग्रजी बंगल्यातलं. 'सूप इज सर्व्ह्ड' छान म्हणेल, पण पाप कसं सांगणार? फादर म्हणाला, नियमात दुभाषी चालतो, पॉलीन, तू बस. म्हणजे सासूच्या कन्फेशनला सून दुभाषी! कन्फेशनमध्ये कानावर आलेलं बाहेर बोलायचं नसतं, मला माहीत आहे. पण पुढच्या आठवड्यात ते आयच्या देखतच सगळ्या वॉलॉंगॉंगला कळलं, तेव्हा माझ्यावर दोष नको.

सुरुवात तिने माझ्यापासून केली. "फादरना सांग, मी सुनेच्या पाठीमागे तिला वाईट बोलते."

"शी स्पीक्स इल ऑफ हर डॉटर-इन-लॉ," मी दात आवळून म्हटलं.

"तिच्या सोरपोतेलच्या मटणाला चव नसते, असं मी चर्चमधल्या लिलियनला फोनवर सांगितलं. दोनदा."

"आय, हे पाप आहे की तक्रार?"

"तू सांग. मध्ये बोलू नको."

सांगितलं. फादर केव्हिनने खोकल्यासारखं करून तोंडावर हात धरला. मग आय बाटलीकडे आली, आणि आवाज खाली गेला. अंधारात कोठीत गेले. विळीच्या टोकाने झाकण उचकटलं. बाटली परकरात गुंडाळली. "मग वरवंट्याने झाकण परत ठोकलं. घाईत एक खिळा वाकडा गेला. काढायला जावं तर आवाज होईल. तसाच ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी ह्यांना दिसणार, कळणार. पण ह्यांनी बघायच्या आत खोके गोदीत गेले. देवाने वाचवलं म्हटलं."

मी भाषांतर करायची थांबले.

"पॉलीन?" फादर म्हणाला.

खिळा. वाकडा खिळा. पपांच्या तोंडून मी तो शंभरदा ऐकला होता. आयने एकदाही ऐकला नव्हता, कारण आय किचनमध्ये नळ सोडून भांडी घासत असायची. तो खिळा वाकडा गेलाय हे फक्त ठोकणारीला माहीत होतं. मग पपांना कसं ठाऊक?

"आय," मी म्हटलं, "पपा गोष्टीत काय सांगायचे, माहितीये तुम्हाला? की झाकणाचा एक खिळा वाकडा होता. सकाळी मी तो गुपचूप सरळ केला. कोणाला बोललो नाही."

आय माझ्याकडे बघत राहिली. "पुन्हा सांग."

पुन्हा सांगितलं. "त्यांनी बघितला होता, आय. खोके जायच्या आधी. तुम्ही काढली हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून तर तुमच्या हातात दिली असं कधी कोणाला सांगितलं नाही. स्वतःच्या हातात दिली म्हणाले, म्हणजे तुमचं नावच नको यायला."

मग चर्चच्या त्या खोलीत, फादरच्या समोर, आय कडाडली. "छत्तीस वर्षं! छत्तीस वर्षं मला केळी खायला लावली ह्या माणसाने! तोंडाने एक शब्द काढला असता तर काय जीभ झडली असती? मी मेली किचनमध्ये हात सोलून घेतेय आणि हा तिकडे साहेबाला रडवतोय!"

"व्हॉट इज शी सेइंग?" फादर केव्हिनने घाबरून विचारलं.

"शी इज सॉरी, फादर," मी म्हटलं.

आणि मग ती रडली. पपा गेले तेव्हाही एवढी रडली नव्हती. मीही रडले, खोटं कशाला बोलू. फादरने टिश्यूचा खोका मध्ये ठेवला आणि आम्हाला रडू दिलं. नंतर म्हणाला, मालक नाही, वारस नाही, तर वस्तू गरिबांची. चर्चच्या फेटमध्ये, म्हणजे जत्रेत, विका, पैसे गरिबांच्या पेटीत टाका. क्षमा मी आत्ताच देतो. आणि प्रायश्चित्त? त्याने आयकडे पाहिलं. "तिला सांग, केळी खाल्ली तेवढी पुरे."

क्षमा मिळाली तरी बाई हट्टी. बाटली घराबाहेर गेल्याशिवाय कम्युनियन घेणार नाही म्हणाली. मधला रविवार पुन्हा केळ्यावर गेला.

फेटमध्ये बाटली लावली लॅमिंग्टन केकच्या ट्रेच्या आणि एका जुन्या लॉनमोअरच्या मध्ये. माझा नवरा, जन्मात कधी चार माणसांसमोर न बोललेला, टेबलावर चढला. हात मागे बांधले नाहीत. म्हणाला, "धिस बॉटल, माय मदर पिंच्ड इट." आणि मग जे टाळ्या-शिट्ट्या सुरू झाल्या! कैद्यांनी वसवलेला देश, ह्यांना चोरीचं केवढं कौतुक. आय उठून उभी राहिली आणि चक्क हात हलवला. बोली लागली. कोपऱ्यावरचा पबवाला आणि चारुदत्त असे जुंपले की पबवाल्याची बायको त्याचा शर्ट ओढायला लागली. चारुदत्तने घेतली. त्याच्या घरी त्यावरून काय झालं ते त्याच्या बायकोला, सुमेधाला विचारा. नाताळला त्याने ती उघडली, डोळे मिटून हुंगली आणि "कॉम्प्लेक्स आहे" म्हणाला. आयने चमचाभर घेतली, तोंड वाकडं केलं. "ही खरंच दिली असती ना साहेबाने, तर मी परत पाठवली असती," म्हणाली.

पण नाताळ नंतर. फेटच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. सवयीने मी पर्समध्ये केळं टाकलं, चर्चसमोर गाडी थांबल्यावर सवयीने मागे दिलं.

"आज नको," आय म्हणाली. "उपाशी आहे."

केळं तिने स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मिस्साला रांग उठली तेव्हा तीही उठली. गुडघे दुखत होते, पण माझा हात धरला नाही. फादर केव्हिनने तिच्या जिभेवर कम्युनियन ठेवलं तेव्हा सिप्रियनने एवढ्या मोठ्याने नाक शिंकरलं की ऑर्गनवाली चुकली. परत येऊन ती बाकावर गुडघे टेकून बसली, आणि लोक घरी जायला लागले तरी उठेना.

"आता सिमेटरीत ने," गाडीत बसल्यावर सिप्रियनला म्हणाली.

पपांच्या थडग्यावर ग्रॅनाइट नव्हता. लाकडी क्रूस, त्यावर नाव. आय समोर उभी राहिली. मला वाटलं प्रार्थना म्हणेल. तिने पर्स उघडली, केळं काढलं, सावकाश सोललं आणि क्रूसाच्या पायाशी ठेवलं.

"घ्या," म्हणाली. "आता तुम्ही खा."

आणि साल माझ्या हातात दिलं.